जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनचा हिशोब: दुकानात जाण्याआधी कागदावर

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: "भाऊ, फुटले काय भाव पडी?" म्हणजे, फुटाला काय भाव पडेल? विचारणाऱ्याची चूक नाही. फरशी फुटावर येते, रंग फुटावर होतो, मग जिप्सम बोर्डाची, म्हणजे कागद लावलेल्या जिप्समच्या पाट्यांची, भिंतही फुटावरच मोजली जाणार. पण पार्टिशनमध्ये फुटाच्या भावावरून बोर्ड किती आणायचे ते कळत नाही आणि शेवटी बिल किती होईल तेही कळत नाही. बोर्ड तुकड्यांवर मोजायचा असतो. भिंत कागदावर काढायची, तिच्यावर बोर्ड मांडून बघायचे, मग नग मोजायचे. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यासाठी इंजिनीअर लागत नाही.

आधी ही भिंत कुठे करायची ते ठरवू. आपल्याकडे घरात लग्न ठरलं की वरच्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलच्या दोन खोल्या करायची वेळ येते. खाली बीम नसलेल्या स्लॅबवर विटांची भिंत चढवणं धोक्याचं असतं. साडेचार इंची वीट दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह एका चौरस मीटरला साधारण २५० किलो भरते. तेवढ्याच जागेत जिप्सम बोर्डाची दोन बाजूंची भिंत २५ किलोच्या आसपास बसते. पुढे जी भिंत उदाहरणाला घेतली आहे, तिचं विटांमध्ये वजन पावणेतीन टनांच्या पुढे गेलं असतं, बोर्डात ते तीनशे किलोंच्या आत राहतं. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात तर विटांचा विचारच नको.

पण बाथरूमच्या ओल्या भिंतीला, उघड्या ओसरीला किंवा खालून ओल चढणाऱ्या तळमजल्याच्या भिंतीजवळ साधा जिप्सम बोर्ड लावू नका. तिथे सिमेंट फायबर बोर्ड लावावा. पत्र्याच्या खोलीचंही तसंच. सतत ५० अंशांच्या आसपास तापणाऱ्या जागी जिप्सम बोर्ड वापरू नये असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात, कारण जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकातलं पाणी असतं आणि सततच्या उष्णतेने ते सुटायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात, पत्र्याखाली किती होत असतील ते सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत आधी छताची उष्णता अडवा, मग पार्टिशनचा विचार करा.

माप घेताना

टेप एकदाच लावून वहीत आकडा लिहू नका. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी घ्या. लांबी खाली फरशीवर आणि वर स्लॅबखाली अशी दोनदा घ्या. जुन्या घरांत भिंत ओळंब्यात नसते, वर-खाली इंचभर फरक सहज निघतो. बोर्ड आणि आतल्या लोखंडी चॅनलच्या हिशोबाला सगळ्यात मोठं माप धरायचं.

एक चूक मी शिकलेल्या माणसांकडूनही होताना पाहिली आहे. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.६ फूट नव्हे, ९.५ फूट. इंचांना १२ ने भागायचं. मिस्त्री सुतात बोलत असेल तर लक्षात ठेवा, आठ सूत म्हणजे एक इंच.

दारं, खिडक्या, स्लॅबखालून आलेला बीम, बोर्डाच्या मागे येणारे स्विच आणि प्लग हे सगळं याच वेळी टिपून ठेवा. जिन्याची रुंदी आणि वळणही मोजा. हे मी अनुभवाने सांगतो. अमळनेरला एका जुन्या घरात वरच्या मजल्याचं काम होतं. जोड कमी यावेत म्हणून मी १० फुटी बोर्ड मागवले आणि जिना बघितलाच नाही. जिन्याला मध्येच काटकोनी वळण होतं, तिथून १० फुटी बोर्ड वळेना. शेवटी दोर लावून गच्चीच्या बाजूने एकेक बोर्ड वर ओढला. दोन बोर्डांचे कोपरे फुटले, एक मधून मोडला आणि हमाली दुप्पट द्यावी लागली. चूक माझीच होती, त्यामुळे ते पैसे मी मालकाकडून घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या वहीत भिंतीच्या आधी जिन्याचं माप लिहिलं जातं.

भिंत कागदावर मांडा

आता एक खरी वाटेल अशी भिंत घेऊ: लांबी १५ फूट, उंची ९ फूट ६ इंच, मध्ये ३ फूट रुंद आणि ७ फूट उंच दार. दार डाव्या टोकापासून साडेदहा फुटांवर सुरू होतं आणि साडेतेरावर संपतं.

क्षेत्रफळ काढलं तर एक बाजू १४२.५ चौरस फूट. दाराचे २१ वजा केले की १२१.५. दोन्ही बाजू मिळून २४३. एका १०×४ बोर्डाचे ४० चौरस फूट. २४३ ला ४० ने भागलं की सहा बोर्ड आणि थोडं वर. दहा टक्के वाया धरलं तरी सातमध्ये बसतं. बहुतेक कोटेशनमध्ये हाच सात आकडा असतो.

आता चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून भिंत काढा आणि बोर्ड उभे लावत जा. पहिल्या बाजूला ० ते ४, ४ ते ८, ८ ते १२ आणि उरलेला ३ फुटांचा तुकडा १२ ते १५. झाले चार बोर्ड. दाराच्या वरचा जोड १२ फुटांवर, म्हणजे दाराच्या डोक्यावर बरोबर मध्ये येतो. तो तिथेच हवा. दाराच्या चौकटीच्या कडेला सरळ रेषेत जोड आला तर दार आपटून आपटून वर्षभरात तिथे तडा दिसतो. म्हणून बोर्ड दाराभोवती कापून बसवायचा, दाराच्या कडेला संपवायचा नाही.

दुसऱ्या बाजूला जोड त्याच स्टडवर (बोर्ड ज्याला स्क्रूने बसतो त्या आतल्या उभ्या लोखंडी पट्टीवर) येता कामा नयेत, ते एक स्टड पुढे सरकवायचे. तिथे सुरुवात २ फुटी पट्टीने करा: ० ते २, २ ते ६, ६ ते १०, १० ते १४ आणि शेवटी १४ ते १५ ही एक फुटाची पट्टी. दोन फुटी आणि एक फुटी पट्टी एकाच बोर्डातून निघतात. इथेही चारच बोर्ड. त्यातला १० ते १४ चा बोर्ड दारासाठी मधून कापला की खाली दोन्ही बाजूंना फक्त सहा-सहा इंचांचे पाय उरतात. तो जमिनीवर आडवा ठेवूनच कापा आणि दोन माणसांनी उभा धरून उचला, एकट्याने उचलला तर पाय मोडतो.

म्हणजे क्षेत्रफळाने सात, मांडणीने आठ. सात बोर्ड आणले असते तर आठव्यासाठी पुन्हा गाडी, पुन्हा हमाली आणि मिस्त्रीचा अर्धा दिवस वाया. दारासाठी कापून निघालेले मोठे तुकडे, एका बाजूचा ३×७ चा आणि दुसऱ्या बाजूचे दीड×७ चे दोन, फेकू नका. पुढे दुरुस्तीला किंवा पाइप झाकायच्या पेटीला ते उपयोगी पडतात.

१० फुटी बोर्ड मिळाला नाही किंवा जिन्यातून जात नसला, तर हीच मांडणी ८×४ वर करून बघा. प्रत्येक उभ्या ओळीत एक पूर्ण बोर्ड आणि वर दीड फुटाचा तुकडा. आठ बोर्ड पूर्ण लागतात आणि आठ तुकडे लागतात. एका बोर्डातून दीड फुटाचे पाच तुकडे निघतात, त्यामुळे तुकड्यांसाठी दोन बोर्ड. एकूण दहा. विकत घेतलेलं क्षेत्रफळ दोन्हीकडे ३२० चौरस फूटच येतं, पण ८ फुटीत दोन्ही बाजू मिळून ३० फूट आडवा जोड वाढतो. बोर्डाच्या लांब कडांना कंपनीने उतार दिलेला असतो, त्यात जोडावर चिकटवायची टेप आणि कंपाऊंड (जोड भरायचा पुट्टीसारखा मसाला) बसून जोड सपाट होतो. कापलेल्या कडेला तो उतार नसतो. तिथे कंपाऊंड रुंद पसरवावं लागतं, आत आडवा चॅनल द्यावा लागतो, आणि हात कच्चा असला तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात भिंतीवर फुगवटा दिसतो. मी शक्यतो पूर्ण उंचीचाच बोर्ड घेतो, थोडा महाग पडला तरी.

६×४ चा बोर्ड आपल्याकडे सगळीकडे मिळतो, पण तो मुख्यतः फॉल्स सीलिंगसाठी चालतो. एवढ्या उंच भिंतीला तो लावला की जोडच जोड होतात.

बोर्ड १२.५ मिमी जाडीचा घ्या. मागे कंपनीचं नाव आणि आयएस २०९५ ची खूण छापलेली असते, ती बघून घ्या. खिडकीतल्या कूलरजवळचा बोर्ड मात्र हिरवा, ओलावा सोसणारा घ्या. आपल्याकडे मार्च ते जून कूलर रात्रंदिवस चालतो आणि त्याचा दमट झोत ज्या भिंतीवर बसतो तिथला साधा बोर्ड दोन उन्हाळ्यांत कागद सोडायला लागतो. सगळी भिंत हिरवी करायची गरज नाही, एक-दोन बोर्डांचा फरक असतो.

आतला सांगाडा

फरशीवर आणि स्लॅबला यू आकाराचा चॅनल बसतो, त्यात दर दोन फुटांवर उभे स्टड. आपल्या भिंतीचा चॅनल असा: वर १५ फूट, खाली दाराची जागा सोडून १२ फूट, अधिक दाराच्या दोन्ही बाजूंना वर वळवायला अर्धा-अर्धा फूट, दाराच्या डोक्यावर ३ फूट आणि वळवायला १ फूट. एकूण ३२ फूट. १२ फुटी नग तीन. इथेही नुसता भागाकार करू नका, तुकडे बसवून बघा: एक पूर्ण नग वरच्या १५ पैकी १२ ला, दुसरा खालच्या डाव्या ११ ला, तिसऱ्यातून उरलेले ३, २ आणि ४. बसतं.

स्टडचं सूत्र सोपं आहे. लांबी भागिले दोन, वर पूर्ण करा, एक मिळवा. पंधराला दोनने भागून आठ, अधिक एक, नऊ. त्यातला १२ फुटांवरचा स्टड दारात येतो, म्हणून तो दाराच्या वर फक्त अडीच फुटांचा. उरले आठ. दाराच्या दोन्ही कडांना दोन-दोन स्टड एकात एक अडकवून पेटीसारखे उभे करायचे, ते चार. एकूण बारा. दाराजवळचे हे जादा स्टड कोटेशनमधून सगळ्यात आधी गायब होतात, आणि सहा महिन्यांनी दार लटकतं तेही त्याचमुळे. नग १२ फुटी घेतले तर प्रत्येकातून अडीच फूट उरतं आणि दारावरचा तुकडा त्यातूनच निघतो. १० फुटी मिळाले तर बारा नगांत नासाडी जवळजवळ शून्य, फक्त त्या तुकड्यापुरता तेरावा नग. दोन्ही लांबींचे भाव विचारून मग ठरवा.

मोठी फळी, पुस्तकांचं कपाट किंवा टाइल येणार असेल तर स्टड दोन फुटांऐवजी सोळा इंचांवर घ्या आणि तेवढे नग वाढवा. टीव्ही, वॉश बेसिन, एसीचं आतलं युनिट, देव्हारा, जे जे टांगायचं आहे त्याच्यामागे आत १८ मिमी प्लायची पट्टी हवी. ती नंतर घालता येत नाही. झोपाळा मात्र या भिंतीवर टांगूच नका, तो स्लॅबच्या हुकाला.

दुकानात स्टड मागा आणि हातात घेऊन बघा. कधी कधी फॉल्स सीलिंगचे हलके सेक्शन भिंतीला खपवले जातात. भिंत उभी राहते, पण हाताने ढकलली की हलते. पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि जस्ताचा मुलामा एकसारखा हवा. जुन्या घरात उधई (वाळवी) असेल तर लोखंडी सांगाड्याला ती काही करत नाही, पण बोर्डाच्या कागदाला ती लागते. आधी औषध मारून घ्या आणि बोर्ड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा. त्याने पोछ्याचं पाणीही चढत नाही. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते.

बारीकसारीक, पण पैसे खाणारं

स्क्रू चौरस फुटाला एक असा धरला तरी चालतो. कडांना आठ इंचांवर, मधल्या स्टडवर फुटावर एक, असे एका १० फुटी बोर्डाला चाळीसच्या आसपास लागतात. आठ बोर्डांना ३२०, पडझड धरून चारशे. लांबी २५ मिमी. चॅनल फरशीला आणि स्लॅबला, आणि कडेचे स्टड जुन्या भिंतीला, दर दोन फुटांवर फास्टनरने. इथे तीसेक.

टेप जोडांवरून काढा. पहिल्या बाजूला ४ आणि ८ फुटांवरचे दोन पूर्ण जोड आणि दारावरचा अडीच फुटांचा, मिळून साडेएकवीस फूट. दुसऱ्या बाजूला चार पूर्ण जोड, ३८ फूट. जुन्या भिंतींशी आणि स्लॅबशी होणारे कोपरे आणखी ६८ फूट. एकूण १२७.५, दहा टक्के धरून १४० फूट, म्हणजे ४३ मीटर. ७५ मीटरच्या एका रोलमध्ये आरामात होतं. तीन हातांना (थरांना) जॉइंटिंग कंपाऊंड १० किलोच्या आसपास. एप्रिल-मे मध्ये ते थोडं थोडं कालवा आणि जोड ओले असताना पंखा बंद ठेवा. भराभर वाळलं की केसाएवढ्या चिरा पडतात. पावसाळ्यात उलट, पुढचा हात देण्याआधी जास्त वेळ थांबावं लागतं आणि मजुरीचा दिवस वाढतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई येणार म्हणून शेवटच्या आठवड्यात काम काढणाऱ्यांना मी हेच सांगतो: बोर्ड दोन दिवसांत लागतात, जोड आणि रंगाला आठवडा द्या.

दोन खोल्यांत आवाज जाऊ नये असं वाटत असेल तर आत खनिज लोकर भरावी लागते. आपल्या भिंतीला १२२ चौरस फूट. पोकळ ठेवलेली भिंत ढोलासारखी वाजते, आणि शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास चालणार असेल तर हा खर्च टाळू नका.

रुपयांत

खालचे भाव फक्त आकडेमोड दाखवायला धरले आहेत. तुमच्या दुकानदाराचे भाव त्यांच्या जागी घाला, आणि जीएसटी धरून की सोडून ते विचारा.

बोर्ड ३२० चौरस फूट, २५ रुपयांनी: ८,०००
स्टड १२, अडीचशेने: ३,०००
चॅनल ३, दोनशे वीसने: ६६०
स्क्रू आणि फास्टनर: ९००
टेप आणि कंपाऊंड: १,१००
लोकर १२२ चौरस फूट, २० ने: २,४४०
प्लायच्या पट्ट्या: १,२००
गाडी आणि हमाली: १,५००
मजुरी १४२.५ चौरस फूट, ४० ने: ५,७००

बेरीज २४,५००. त्यावर दहा टक्के हाताशी ठेवा, म्हणजे सुमारे २७,००० ची तयारी. दाराची चौकट, दाराचा पल्ला, वायरिंग आणि रंग यात नाहीत.

आता २४,५०० ला पूर्ण १४२.५ ने भागलं तर फुटाला १७२ रुपये येतात. दार वजा करून १२१.५ ने भागलं तर २०२. आणि कुणी दोन्ही बाजू वेगळ्या मोजून २४३ ने भागलं, तर १०१. भिंत तीच, पैसे तेच, भाव तीन. म्हणून तीन ठेकेदारांचे फुटाचे भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवू नका. प्रत्येकाला चार गोष्टी लिहून मागा: भाव एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, दार वजा होणार की नाही, दाराजवळचे जोड-स्टड आणि लोकर आत धरली का, आणि जोडाचं काम तीन हातांचं की एकाच हाताचं. आणि एकूण रक्कम मागा. लहान भिंतीचा फुटाचा भाव मोठ्या भिंतीपेक्षा जास्तच येतो, कारण दार, टोकं आणि गाडीचा खर्च दोन्हींना जवळपास सारखाच पडतो. त्यावरून ठेकेदाराशी वाद घालू नका.

गाडीचंही आधीच बघा. छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम ७ फुटांचा असतो. १० फुटी बोर्ड त्यात ठेवला की ३ फूट मागे लटकतो आणि महामार्गावरच्या पहिल्याच गतिरोधकाला तडकतो. लांब हौद्याची पिकअप सांगा. एक १० फुटी बोर्ड तीस किलोंच्या वर असतो, तो दोन माणसांनी उभा धरून न्यायचा. घरी आल्यावर फरशीवर न ठेवता लाकडाच्या पट्ट्यांवर आडवे रचा. भिंतीला टेकवून ठेवले तर दोन दिवसांत वाकतात.

ऑर्डर देताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: न उघडलेला डबा आणि न कापलेला बोर्ड परत घेतो का, आणि एखादा बोर्ड कमी पडला तर त्याच मापाचा त्याच्याकडे शिल्लक आहे का. १० फुटी माल जळगाव-धुळ्यातही प्रत्येक दुकानात शिल्लक नसतो, बाहेरून मागवायचा तर दोन-तीन दिवस जातात. त्यामुळे ज्या भिंतीत मांडणी अगदी काठावर बसते, तिथे मी एक बोर्ड जादाच घेतो.

पहिली बाजू लागली, वायरचे पाइप, प्लायच्या पट्ट्या आणि लोकर आत बसली, की दुसरी बाजू बंद करण्याआधी मिस्त्रीला थांबवा. भिंतीला टेप लावून, आकडे दिसतील असे फोटो काढा: फरशीपासून पाइप किती उंचीवर आहे, प्लाय कुठून कुठपर्यंत आहे, स्टड कुठे आहेत. ते फोटो कागदावरच्या मांडणीसोबत जपून ठेवा. पुढे घड्याळासाठी भोक पाडायचं असो की टीव्ही सरकवायचा असो, ड्रिल लावण्याआधी तेच बघायला लागतात.